धडा अकरावा, समुद्राचे उपयोग

ता. ९ ऑगस्ट १९२६, सोमवार. लष्कर, ग्वाल्हेर.
घंटा पाच मिनिटं उशिरा दिली. मास्तर बोलले नाहीत, नुसतं घड्याळाकडे बघितलं. बोलले असते तर बरं.
दाल बाजारात हरभऱ्याच्या पोत्यांची गाडी आडवी झाली होती. बैल खाली बसलेला, माणसं ओरडून राहिलेली, आपल्या शाळेची पोरं तिथंच उभी राहून मजा बघत होती. त्यांना हाकलून आणायचं काम माझं. मीच त्यांच्यात उभा.
मास्तरांचा हुकूम आहे, रोज चार ओळी लिही, अक्षर सुधारेल. चुकलं तर खोडू नकोस, पुढे जा. तिसरी पास झालो तेव्हा नऊ वर्षांचा होतो, त्यानंतर पाटी धरली नाही. मास्तर म्हणतात चौथीला बस. म्हणजे शिपायाचा पट्टा सुटेल, उमेदवार मास्तर होशील. मला मास्तर व्हायचंय की नाही ठाऊक नाही. इथं राहायचंय का, तेच ठरत नाही. मामांच्या मागे कोकणातून इतक्या लांब आलो. मामा गेले, मी राहिलो. पलटणीत नाव घालावं असं परवा वाटत होतं. आज नाही.

ता. १२ ऑगस्ट
कपाट पुसताना शेऱ्याची वही सापडली. वाचायला नको होती. वाचली.
गेल्या तपासणीचा शेरा: "अभ्यासक्रम अपुरा. पुढील खेपेस सुधारणा न दिसल्यास मराठी वर्ग हिंदी शाळेत सामील करावेत व मास्तरांस मौजे बरखेडा येथे पाठवावे."
मास्तर मागे उभे होते ते कळलं नाही. म्हटलं, दिपोटीसाहेब असे कसे हो? मास्तर म्हणाले, "दिपोटी तुमच्या मुंबई इलाख्यात रे. इथे इन्स्पेक्टर." मग म्हणाले, "साहेब वाईट नाहीत. चार धडे राहिले होते, ते राहिले म्हणून लिहिलं. माझं काय, मी बरखेड्यात पण फळा पुसेन. हिचं काय करू?"
ही म्हणजे काकू. त्यांचे दोन्ही डोळे गेले त्याला दहा वर्षं झाली.

ता. १७ ऑगस्ट
अभ्यासक्रमाचा कागद. तो भिंतीवर आहे, मास्तरांच्या खुर्चीमागे. मुंबईकडचा छापील. महिन्याला चार घरं, घरात धड्याचा नंबर. एक धडा शेवटच्या पोराला आला, की मास्तर त्या घराला कुंकवाचं बोट लावतात. शेवटच्या म्हणजे शेवटच्या. मोरे हवालदाराचा दत्तू आहे, दुसरीतला, तो अडला की घर तसंच कोरं. सगळी पोरं मग त्याच्या मागे लागतात. "दत्तू, बोल ना यार, टिळा अटकला."
पुस्तकं पण तिकडचीच. पोर उभं राहून म्हणतं, "आमच्या जिल्ह्यात भात व नारळ पिकतो." आणि खिडकीतून दिसतो ग्वाल्हेरचा किल्ला. मला हसू आलं. मास्तरांनी बघितलं. तास संपल्यावर म्हणाले, हसायला काय झालं? परीक्षेत हेच विचारतात.

ता. २९ ऑगस्ट, रविवार
मास्तरांबरोबर फूलबागेत गेलो. काकूंना देवाला फुलं हवी होती.
तिथं एक माळी वाफे खणत होता. पस्तिशी उलटलेला असेल. फावडं टाकून पळत आला, वाकून नमस्कार केला. "मास्तरसाहेब, आज रात को सप्तर्षि उत्तर में दिखेंगे न?" मास्तरांनी मान हलवली, खिशातून बत्तासा काढून दिला. इतक्या मोठ्या माणसाला बत्तासा. त्यानं पण घेतला.
परत येताना पुलावर मास्तर म्हणाले, "गणपत. माझ्या पहिल्या वर्गातला. तेव्हा मी तुझ्याच वयाचा. मला ताऱ्यांचं वेड. पोरांना गच्चीवर न्यायचो, नावं शिकवायचो. पुस्तकं बाजूला. सगळी पोरं खूश, आईबाप खूश. वर्षाअखेर हायस्कुलाची परीक्षा आली, त्यात तारे नव्हते. सरदारांच्या पोरांना घरी शिकवायला माणसं होती, ती गेली वर. गणपतला घरी कोण होतं?"
मी म्हटलं, पण त्याला अजून नावं आठवतात.
"आठवतात ना." मास्तर म्हणाले. "तेच तर."
मास्तर कागदाला चिकटतात ते भित्रे म्हणून, असं मी समजत होतो.

ता. २४ सप्टेंबर
गणपती येऊन गेले. पोरांची घरं झाली दहा, राहिली तेवढीच. मास्तर खुशीत. दत्तूपण धडाधड म्हणतो हल्ली.
काकूंचं पाणी भरून दिलं. त्या ओसरीवर बसून वाती करतात, न बघता, आणि मोजतात. सगळंच मोजतात. दारापासून विहीर चोवीस पावलं. शाळेचं दार चाळीस. राममंदिर एकशे बारा, मधे हिंगवाला लागतो, मग गूळ, मग तेलाचं दुकान, तिथं उजवीकडे. वासावर जातात. कोणाचा हात धरत नाहीत. मी एकदा धरायला गेलो तर म्हणाल्या, "सोड रे. मोज चुकते."
आज विचारलं, "बरखेड्याबद्दल काही कळलं का?" म्हटलं, नाही, आणि जाणार पण नाही, मास्तरांचे धडे वेळेवर चाललेत. म्हणाल्या, "ते या वर्षी झोपेत पण धड्याचे नंबर बोलतात."

ता. ४ ऑक्टोबर, सोमवार
मास्तरांना हिंवताप. दोन गोधड्या घालून पण दात वाजतायत. मला बोलावून म्हणाले, "आज दुसरीचा धडा अकरावा. पुस्तकातला तसाच म्हणून घे. वर एक शब्द नको."
धडा अकरावा म्हणजे समुद्राचे उपयोग.
हा धडा मी गेल्या साली दाराबाहेर बसून ऐकला होता. तेव्हा उठून बंबात लाकडं घालायला गेलो होतो. बंब पेटलेलाच होता.
आज उठून कुठं जाणार? पुस्तक हातात माझ्याच. "समुद्र निळा व विशाल आहे. समुद्रापासून आपणांस मीठ, मासे, मोती व शंख मिळतात. समुद्रावरून जहाजे माल नेतात." दहा वेळा म्हणून घेतलं. अकराव्यांदा दत्तू म्हणाला, "शिपाईदादा, आपने समंदर देखा है?"
हो म्हटलं.
"तो सचमुच निळा असतो?"
इथं मी थांबायला हवं होतं.
म्हटलं, आमच्याकडे पावसात नसतो. खाडीचा चिखल येतो, तांबडा असतो, चहासारखा. दिवसातून दोनदा पाणी मागं सरतं, इतकं मागं की होड्या कुशीवर पडतात आणि आपण चालत जातो, खेकडे पळतात. मग पाणी परत येतं. वास असतो. सुकट वाळत घातलेली असते त्याचा. आणि आवाज, घरात निजलं तरी आवाज.
पोरांचं तोंड उघडं. मला नाही आठवत कधी कोणी माझ्याकडे असं बघितलेलं.

ता. ५ ऑक्टोबर
मास्तरांचा ताप उतरला नाही. पोरांनी पुस्तक उघडूच दिलं नाही. "काल का वाला. पाणी कुठं जातं ते सांगा."
दत्तूनं विचारलं, तुमचे वडील काय करतात तिथं?
सांगितलं. बाबा मचव्यावर होते. पावसाळ्याआधीची शेवटची खेप म्हणून गेले, आले नाहीत. आठ दिवस बंदरावर लोक उभे राहायचे. आये तर त्यानंतर तीन वर्षं कुंकू लावत होती. मचवा पण मिळाला नाही, माणूस पण नाही.
एवढंच सांगितलं. रडलो बिडलो नाही. मग एका पोरानं विचारलं, खेकडा चावतो का? मी म्हटलं, हो, असा, आणि त्याचा कान धरला, सगळे हसले.

ता. ६ ऑक्टोबर
आज कळलं की मास्तर बाहेर उभे होते. शाल गुंडाळून, दाराला टेकून. किती वेळ कोण जाणे. मी पुस्तक उघडलं.
मास्तर आत आले, पोरांच्या टाटपट्टीवर शेवटी बसले, दत्तूच्या शेजारी. म्हणाले, "पुढं?"
मी म्हटलं, पुस्तकातलं घेतो आता.
"ते नंतर. पाणी मागं सरतं म्हणजे कुठं सरतं?"
मला ते येत नव्हतं. म्हटलं, सरतं हे ठाऊक आहे, कुठं ते नाही. मास्तर हसले. सव्वीस वर्षं हा धडा शिकवून राहिलोय, म्हणाले, आणि मी समुद्र बघितला नाही. नाशिकपर्यंत गेलो होतो एकदा, गोदावरी बघून आलो.

ता. ८ ऑक्टोबर, शुक्रवार
तीन दिवस धडा अकरावाच. मास्तरांनी परात आणवली काकूंकडून, पाणी घातलं, एक बाजू उचलून भरती-ओहोटी केली. कागदाच्या होड्या. पोरांच्या चड्ड्या ओल्या. मास्तरांची पगडी सुटली तरी लक्ष नाही. मी त्यांना असं कधी बघितलं नाही. काकूपण चाळीस पावलं मोजून आल्या आणि दारात बसून ऐकत होत्या. विचारत होत्या, "आवाज कसा असतो रे? करून दाखव." मी तोंडानं केला. पोरांनी पण केला. सगळी खोली करत होती. वर राहणाऱ्या वाण्यानं खाली येऊन विचारलं, "क्या हो गया, मास्टरजी?"
संध्याकाळी मास्तर कुंकवाची डबी घेऊन कागदासमोर उभे राहिले. एकाही पोरानं धडा पुस्तकासारखा म्हटलेला नव्हता. दत्तूनं तर नाहीच. मास्तर उभेच. मग बोट बुडवलं आणि लावलं.
मी बघत होतो. मला आनंद झाला होता, हे खरं तेच लिहितो.

ता. १५ नोव्हेंबर
दिवाळीनंतर पोरं आली ती अर्धीच. गावाला गेलेली. धडे मागं पडले. कापूस राहिला, रेशीम राहिलं, दोन कविता. तपासणी डिसेंबरात. मास्तर सकाळी सातला वर्ग घेतात, थंडी अशी की खडू धरवत नाही. पोरं धडा म्हणताना तोंडातून वाफ निघते. मी अंगणात शेकोटी करतो, एकेक रांग आळीपाळीनं आणतो.
अकराव्याकडे परत जायला वेळ नाही. मास्तर म्हणाले, त्याला टिळा लागलाय, पुढं चला.

ता. ९ डिसेंबर, गुरुवार
तपासणी झाली.
लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण मास्तर म्हणाले होते रोज.
साहेब मराठीच. बारीक, चष्मा, फार हळू बोलतात. पोरांना बसा बसा म्हणाले. पहिली झाली, चांगली झाली. दुसरीची कविता, चांगली. गणित, चांगलं. मास्तरांचा खांदा सैल झाला ते मी दारातून बघितलं. मी पाण्याचं तबक धरून उभा होतो.
मग साहेबांनी पुस्तक पालथं ठेवलं आणि कागदाकडे बघून, अकरा नंबर, म्हणाले. "समुद्रापासून आपणांस काय मिळते? तू सांग. मागचा."
दत्तू.
उठला. मला वाटलं बोलेल, त्याला आलं नसतं तरी मीठ तरी आठवेल. तो माझ्याकडे बघत होता. मग साहेबांना म्हणाला, "मिळत नाही साहेब. नेतो."
"काय नेतो?"
"शिपाईदादांच्या वडलांना नेलं. वापस देता नहीं है."
साहेबांनी चष्मा काढला. दुसऱ्याला विचारलं. तो म्हणाला, पाणी जातं आणि येतं. तिसरा म्हणाला, वास येतो. चौथ्यानं आवाज करून दाखवला. मीठ कोणी म्हटलं नाही, मासे नाही, मोती नाही, शंख नाही. एकानं तरी म्हणावं. मी तबक धरून मनात म्हणत होतो, मीठ, मीठ, मीठ.
साहेब मास्तरांना म्हणाले, "मुलं हुशार आहेत, मास्तर. त्या मुलाचं ऐकून मलाच क्षणभर सुचलं नाही. पण मी हे कुठल्या रकान्यात लिहू? माझ्याकडे बरोबर आणि चूक दोनच आहेत."
मास्तर म्हणाले, "चूक लिहावं साहेब. धडा झालेला नव्हता. टिळा मी लावला."
कापूस, रेशीम पण विचारलं. ते खरंच झालेलं नव्हतं.
शेरा लिहायला फार वेळ लागला त्यांना. दोनदा टाक ठेवला.

ता. ११ डिसेंबर
मास्तर शाळेत आले, शिकवलं, गेले.
दत्तूला बाकीची पोरं बोलतात. "तेरे कारण हुआ सब." तो दोन दिवस आला नाही. त्याच्या घरी गेलो. हवालदार मोरे दारात म्हणाले, "पोरानं खोटं सांगितलं का साहेबाला?" म्हटलं, नाही, खरं सांगितलं. "मग मार कशाला खाऊन आलाय शाळेतून?" दत्तूला म्हटलं सोमवारी ये, मी घंटा तुझ्या हातून वाजवीन. तो आत पळाला.

ता. १६ डिसेंबर
खात्यातला कारकून तोंडीच सांगून गेला. जानेवारीअखेर हुकूम निघेल. वर्ग पलीकडच्या हिंदी शाळेत, मास्तर बरखेड्याला. शिपाई जिथे वर्ग तिथे. म्हणजे माझं काही जात नाही. माझंच जात नाही.
काकूंना मास्तरांनी सांगितलं नाही. त्यांना कळलंय. आज पाणी भरताना म्हणाल्या, "सखाराम, बरखेड्यात विहीर दाराच्या कोणत्या हाताला आहे?"

ता. २१ डिसेंबर, मंगळवार
मास्तरांशी भांडलो. पहिल्यांदा.
म्हटलं, मी लिहून देतो खात्यात, मास्तर आजारी होते, त्यांना न विचारता मी पोरांना भलतंसलतं सांगितलं. माझी नोकरी जाऊ दे, मला नाहीतरी कुठं राहवतं. मास्तर म्हणाले, "पहिल्या दोन दिवसांचं लिहिशील. उरलेले तीन दिवस मी टाटपट्टीवर बसून ऐकत होतो, ते कोण लिहील?"
म्हटलं, ते कोणाला ठाऊक?
"पोरांना ठाऊक आहे." मग म्हणाले, "मी गणपतचं तुला सांगितलं होतं ना रे. सांगून पण मी तेच केलं. तुझी काय चूक? तुझ्या तोंडात समुद्र होता. माझ्या तोंडात कागद होता, तो मी खाली ठेवला. खाली ठेवायचा तर आधी पुरा करायला हवा होता."
काकू आतून म्हणाल्या, "ऐकलं ते बरं केलं. मीपण ऐकलं."
मास्तर पगडी घालून बाहेर गेले.
मी अर्ज लिहिला. तीनदा लिहिला. शेवटी लिहिलं, मास्तर तापानं आजारी असता धडा अकरावा मी घेतला व पुस्तकाबाहेरचं सांगितलं. एवढंच. पुढचे दिवस लिहिले नाहीत. खोटं नाही त्यात. पुरं पण नाही. खात्यात देऊन आलो. बाबूनं घेतला, दोन्ही बाजू बघितल्या, "अक्षर चांगलं आहे," म्हणाला, आणि गठ्ठ्यात घातला.
अक्षर मास्तरांनीच सुधारलेलं.

ता. २ जानेवारी १९२७, रविवार
काल दुपारी छोट्या गाडीनं गेलो, पुढं कोसभर चालत. आज परत. कोणाला सांगितलं नव्हतं.
बरखेडं म्हणजे पंचवीस-तीस घरं, मोहरी फुललेली, सगळीकडे पिवळं. बघायला चांगलं. शाळा म्हणजे एक पडवी. मास्तरांना मिळेल ते घर पाटलानं दाखवलं. दारात दोन पायऱ्या, एक फुटकी. विहीर डाव्या हाताला. देऊळ शेताच्या पलीकडे, बांधावरून वाट. दुकान नाही एकपण. वास म्हणाल तर शेणाचा आणि मोहरीचा, सगळीकडे तोच, वळायचं कुठं ते कळायचं नाही.
मी दारापासून सगळं मोजलं. पाटील म्हणाला, "जमीन नापते हो क्या, भैया?" म्हटलं, हो.
आज काकूंना सांगितलं. दारापासून विहीर एकतीस. देऊळ तीनशेच्या वर, बांधावर जपून. पायरी दुसरी फुटकी, डाव्या बाजूला पाय ठेवायचा.
त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझी पावलं की माझी?"
मी त्याचा विचारच केला नव्हता.

ता. ७ जानेवारी
खात्यात गेलो. बाबू म्हणतो अर्ज वर गेला, अजून काही उत्तर नाही. हुकूम पण नाही. विचारलं, निघेल का? "निघेल तेव्हा कळेल ना."
बाजारातून गजक, म्हणजे तीळगुळाची वडी, आणली काकूंसाठी. दाढेला चिकटते म्हणाल्या, तरी खाल्ली.
गावाहून थोरल्या दादाचं पत्र, घरी ये म्हणून. आये आजारी नाही, नुसतं ये. उत्तर लिहिलं नाही अजून. इथलं ठरल्याशिवाय पाय निघत नाही. ठरल्यावर निघेल का तेपण...

ता. १२ जानेवारी, बुधवार
दत्तू येतो हल्ली. शेवटी बसतो, बोलत नाही.
मास्तर राहिलेले धडे परत घेतायत. तपासणी होऊन गेली, कोणी विचारणार नाही, तरी. कागद तोच, कोरी राहिलेली घरं भरतायत. परवा कापूस झाला. अकराव्यावरचा टिळा त्यांनी ओल्या फडक्यानं पुसला होता. आज तो धडा परत घेतला. मीठ, मासे, मोती, शंख. सगळ्यांना म्हणायला लावलं, एकेकाला, दत्तूला पण. दत्तूनं एका दमात म्हटलं. पुस्तकासारखं. मास्तर म्हणाले, शाबास. टिळा लावला.
मग बारावा काढला. नारळ. नारळाचे झाड समुद्रकिनारी उंच व सरळ वाढते.
पहिल्या रांगेतल्या एका पोरानं हात वर केला. "गुरुजी, समुद्रावर वारा जोराचा असतो ना? मग इतकं उंच झाड मोडत कसं नाही?"
मास्तरांनी पुस्तक खाली केलं. मला वाटलं ते दाराकडे बघतील. मी घंटेचा हातोडा हातात धरून तिथंच उभा होतो.
त्यांनी बघितलं नाही. म्हणाले, "ते धड्यात नाही. पुढं वाच."
पोर बसलं. वाचायला लागलं.
मोडत का नाही ते मला ठाऊक होतं. आमच्या दारात चार माड आहेत. घंटेला अजून दहा मिनिटं होती.